नवस आणि नस

हरिचंद आडे गुरुजींनी उकंडराव महाराजांना पहिल्यांदा गाठलं ते साखऱ्याच्या एसटी थांब्यावरच्या हॉटेलात. साल त्र्याण्णव. आदल्या रात्री गावच्या सप्ताहात महाराजांचं कीर्तन झालं होतं. नरसीकडचा माणूस, स्वतःची कोरडवाहू जमीन कसणारा, आवाज पहाडी. कीर्तनात त्यांनी डोळ्याचा दाखला दिला होता. बुबुळ, भिंग, पडदा, नस. यातलं एक काढा, बाकी सगळं फुकट. मग हे एकेक करून आपोआप कसं जमलं असेल? अर्धा डोळा काय कामाचा? घडवणाऱ्याशिवाय घडण नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

गुरुजी चहाचा कप घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "महाराज, कीर्तन गोड झालं. डोळ्याचं तेवढं चुकलं."

हॉटेलातली माणसं वळून बघू लागली. हा तांड्यावरचा पोरगा, शाळेत विज्ञान शिकवणारा, त्याने महाराजांची चूक काढावी! महाराजांनी मात्र बशीतला चहा शांतपणे संपवला.

"काय चुकलं, सांगा."

गुरुजींनी सांगायला सुरुवात केली. नुसता उजेड-अंधार कळणारे किडे असतात. त्यांच्या अंगावर साधा डाग असतो, भिंग नाही की बुबुळ नाही. काहींचा डाग खोलगट असतो, त्यांना उजेड कुठल्या बाजूने येतो तेही कळतं. एकेक पायरी अशी लागत गेली आणि प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा थोडी कामाची. ज्यांना थोडं जास्त दिसलं ते थोडे जास्त जगले, त्यांची पिल्लं जास्त झाली. लाखो पिढ्या. हे सांगता सांगता सेनगावची गाडी येऊन निघून गेली. महाराजांना त्याच गाडीने जायचं होतं.

"दुसरी गाडी कवा हाय?" महाराजांनी हॉटेलवाल्याला विचारलं आणि गुरुजींकडे वळून म्हणाले, "चालू द्या. पायऱ्या तुमी दाखवल्या. चढवणारा कोण, ते बोला."

इथून त्यांची ओळख सुरू झाली.

गुरुजींचा तांडा साखऱ्यापासून जवळच, माळाच्या उतारावर. पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेणारे. वडिलांपर्यंत येता येता वाहतूक संपून शेती लागली होती, पण जनावरांची पारख राहिली होती. कळपातला कुठला गोऱ्हा वळूसाठी ठेवायचा आणि कुठले बडवून बैल करायचे, हे वडील ठरवत. गुरुजी कॉलेजात उत्क्रांती शिकले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. वडील जे निवडून करत होते ते निसर्गात न निवडता होतं, एवढंच त्यांना समजून घ्यावं लागलं. तेवढ्याला मात्र वर्षभर लागलं, असं ते प्रामाणिकपणे सांगत.

महाराजांचं येणं वाढलं. साखऱ्याच्या शिवारात त्यांच्या बहिणीचं घर होतं, तिच्याकडे आले की तांड्यावर चक्कर ठरलेली. गुरुजींच्या घरी त्यांची बायको भिकाबाई, मुलगी रुपा आणि आई रुख्मिणीबाई. म्हाताऱ्या रुख्मिणीबाईंना दोन्ही डोळ्यांनी दिसत नसे. त्या ओट्यावर बसून हाताच्या अंदाजाने निवडणं-टिपणं करत आणि दोघांचं भांडण ऐकत.

कपाशीवर बोंडअळीने धुमाकूळ घातला त्या वर्षी महाराज चिडून आले होते. तीन-तीन औषधं एकत्र करून फवारली तरी अळी मरेना.

"औषधच बोगस येऊन राहिलं," ते म्हणाले.

"काही बोगस असेलही," गुरुजी म्हणाले. "पण पहिल्या वर्षी हेच औषध लागू पडलं होतं ना? तेव्हा ज्या मेल्या त्या मेल्या. ज्यांना औषध पचलं अशा चार-दोन राहिल्या असतील. आता शिवारात आहेत त्या त्यांच्या लेकी-नाती. अळी काही शिकली नाही महाराज. न शिकणाऱ्याच मरून गेल्या असंही नाही. जन्मतःच ज्या वेगळ्या होत्या त्या उरल्या."

महाराज मग म्हणाले, "हे पटलं. पण अळीची अळीच झाली ना? अळीचा बैल झाला का?"

रुख्मिणीबाई ओट्यावरून खुदकन हसल्या. गुरुजींनाही हसू आवरेना. त्यांनी लाखो वर्षांचा हिशेब मांडायला घेतला, तेव्हा महाराज म्हणाले, "लाखो वर्षं तुमीबी पाह्यली न्हाईत, मीबी न्हाई. तुमचाबी एक प्रकारे विश्वासच झाला."

"विश्वास नाही. हाडं सापडतात, खडकात थर सापडतात."

"माझ्याकडंबी अभंग हायेत."

एकदा गुरुजींनी हुकमी पत्ता काढला. डोळ्याच्या पडद्यातल्या तारा पडद्याच्या मागे असायला हव्यात, त्या पुढे आहेत. मग त्या सगळ्या गोळा होऊन पडद्याला भोक पाडून मेंदूकडे जातात, आणि त्या भोकाच्या जागी माणूस आंधळाच असतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात हीच वायरिंग सरळ आहे. "एखाद्या वायरमनने घरात असं काम केलं तर त्याला पैसे द्याल का?"

"न्हाई देणार," महाराज म्हणाले. "पण वायरमनच नव्हता, असंबी म्हणणार न्हाई."

परभणीतून तुटून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीपासून गुरुजींचं काहीतरी बिनसलं. आधी भिकाबाईच्या लक्षात आलं. बाजूला ठेवलेला तांब्या ते लाथाडत. दाराच्या चौकटीला खांदा धडकायचा. वर्गात कडेच्या बाकावरचं पोरगं हात वर करून कंटाळायचं, सरांना दिसायचंच नाही. समोरचं मात्र स्वच्छ दिसे, पुस्तकातली बारीक अक्षरं वाचता येत, म्हणून त्यांना स्वतःला काही संशय आला नाही. सेनगावच्या रस्त्यावर एका जीपने कट मारला आणि ते सायकलसकट चरात पडले. जीप बाजूने आलेली दिसलीच नाही असं ते सांगू लागले, तेव्हा भिकाबाईने त्यांना बळेच नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला, आत प्रकाश टाकून बघितलं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. नस सुकत जाते. जेवढी गेली तेवढी परत येत नाही. थेंब घालून पुढचं लांबवता येईल, पण तुम्ही फार उशिरा आलात.

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात कुणाला होतं?"

"आईला दिसत नाही. मी लहान होतो तेव्हापासून."

"कशाने गेले डोळे?"

गुरुजींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ओठावर उत्तर आलं होतं, लहानपणापासून ऐकलेलं, तांड्यावर सगळ्यांना माहीत असलेलं: नवस फेडला नाही म्हणून. डोळ्याची रचना शेकडो पोरांना शिकवलेल्या माणसाने आपल्या आईच्या डोळ्यांना काय झालं, हे कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

नवसाची गोष्ट अशी. हरिचंद लहानपणी तापाने फणफणले, वाचतील असं वाटेना. रुख्मिणीबाई बंजाऱ्यांच्या पोहरादेवीला बोलल्या, लेकरू वाचू दे, अनवाणी येईन. लेकरू वाचलं. पण लगेच बहात्तरचा दुष्काळ पडला. त्या खडी फोडायला गेल्या, वर्ष गेलं, मग दुसरं गेलं. नवस राहून गेला. पुढे काही वर्षांनी त्यांची नजर मंदावली आणि सासू म्हणाली, "देवीनं डोळे नेले." पार आंधळ्या झाल्यावर त्या लेकाचा हात धरून अनवाणी पोहऱ्याला जाऊन आल्या. डोळे परत आले नाहीत. म्हणजे माफी झालेली नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. पुढे हिंगोलीच्या एका शिबिरात कुणीतरी म्हणालं होतं की नस सुकली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. पण नस का सुकली, ते कुणी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. कारण घरात तयारच होतं.

नांदेडहून परतताना एसटीत गुरुजी खिडकीला डोकं टेकून बसले होते. जे कुणी घडवलेलं नाही त्याच्यावर रागावता येत नाही, हे त्यांनी वर्गात कितीदा सांगितलं असेल. आता मात्र रागवायला कुणीतरी हवं होतं. "मलाच काहून?" हा प्रश्न मनात येत होता आणि तो कुणाला विचारायचा ते कळत नव्हतं. क्षणभर, अगदी क्षणभर, तो फिटायला उशीर झालेला नवसही मनात येऊन गेला. हे त्यांनी पुढे महाराजांना सांगितलं. महाराज तेव्हा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आईजवळ ओट्यावर बसले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"याडी, तुझे डोळे देवीनं न्हाई नेले."

"मंग कुणी नेले?"

"कुणीच न्हाई. डोळ्यात पाण्याचा दाब वाढतो, नस सुकते. रक्तातून येतं ते. घरात एकाचं दुसऱ्याला येतं."

शेंगा सोलणारे हात थांबले. म्हातारीचा बाप उतारवयात चाचपडत चालायचा, हे तिला आठवलं असावं. ती म्हणाली, "बा बी भिंत धरूनच जायचा." चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मग एकदम ती ताठ बसली.

"तू काहून इचारून राहिला हे? तुला आलं का?"

गुरुजी गप्प राहिले. आईला दिसत नव्हतं, पण ते गप्प राहणं तिला ऐकू आलं.

"मंजी म्या दिलं तुला," ती म्हणाली.

गुरुजींनी याचा विचारच केला नव्हता. एक गाठ सोडवायला गेले आणि दुसरी आवळली. त्यांनी तिचा हात धरला. "तू दिलं न्हाईस. देणं म्हणजे ठरवून देणं. रंग आला, नाक आलं, हे बी त्याच्यातच आलं. कुणी निवडून हातावर ठेवलं न्हाई."

तिला ते पटलं नाही. तेवढ्यात अंगणात महाराजांचा आवाज आला. आजाराचं कळल्यावर ते लगोलग निघून आले होते. म्हातारीने त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"महाराज, तुमी देवाचं माणूस. तुमी सांगा. हा म्हणून राहिला, माझे डोळे देवीनं न्हाई नेले. खरं का?"

गुरुजींनी मान खाली घातली. जन्मभर 'घडवणारा आहे' म्हणून सांगणारा माणूस याला काय उत्तर देणार? डोळा त्याने घडवला असेल तर डोळ्यातला हा रोगही कुणी घडवला? महाराज उभेच होते. त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं.

"मावशी," ते म्हणाले, "दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईचे डोळे नेईल, ती देवी न्हाई. नेत असंल तर मी तिचं नाव घेणार न्हाई. माझ्यावर भरवसा असंल तर एवढं ऐका. तुमचा काई गुन्हा न्हाई. अन् पोराला तुमी काई केलं न्हाई."

रुख्मिणीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"इतकी वर्सं मी माफी मागून राहिले," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, नाक ओढत, "दोघं बी एकच म्हणता की. मंग रोज भांडता काहून?"

रुपा तेव्हा बारावीला होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुलीलाही तपासा. ती तयार होईना. काही होत नाही, मला सगळं दिसतं, असं म्हणायची. "मलाही सगळं दिसत होतं," असं गुरुजी म्हणाले तेव्हा ती तयार झाली. नांदेडला तपासलं तर तिचा दाब खरोखरच वाढलेला निघाला, पण नस शाबूत होती. रोज थेंब, दर काही महिन्यांनी तपासणी. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री जेवताना तिने ताटातून मान वर न करता विचारलं, "बा, तुमी शिकवता ना, कामाचं ते टिकतं, बिनकामाचं गळून जातं. मंग हे काहून टिकलं?"

महाराज त्या दिवशी मुक्कामाला होते. त्यांनीही घास थांबवला.

"हे उशिरा येतं," गुरुजी म्हणाले. "माणूस आंधळं होईतो त्याला लेकरं झालेली असतात, लेकरांकडे ते गेलेलं असतं. निवड होते ती तोवरच. पुढं काय होतं त्याच्याशी तिला देणंघेणं नाही."

"मंजी म्हातारं माणूस नको निसर्गाला?"

"नको असंही नाही, हवं असंही नाही. त्याला मनच नाही."

"म्हणून म्हणतो," महाराज म्हणाले, "मला माझा विठ्ठल बरा. त्याच्याशी भांडता तरी येतं."

गुरुजींनी महाराजांच्या ताटाकडे भाकरी सरकवली.

नजर उतरत गेली. चार वर्षांत समोरचं वर्तुळ रुपयाएवढं राहिलं, मग तेही धुरकट झालं. शाळेत हेडमास्तरांनी त्यांना सांभाळून घेतलं. फळ्यावर एक मुलगी लिहायची, गुरुजी तोंडी शिकवायचे. उत्क्रांतीचा धडा आला की ते आता स्वतःचंच उदाहरण देत. "मला तुम्ही दिसत नाही. पण दार कुठं आहे ते कळतं, कारण तिकडं उजेड आहे. कुणी दारात उभं राहिलं तर कळतं, कारण उजेड अडतो. एवढ्यावर मी घरातून शाळेत येतो. हे एवढंसं दिसणं काढून घेतलं तर मी खाटेवरच राहीन. थोडं दिसणं आणि काहीच न दिसणं यांच्यात केवढं अंतर आहे, ते मला विचारा."

महाराजांनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, हा पुरावा न्हाई. तुमचा डोळा मोडून इथवर आला. वर चढणारा डोळा येगळा."

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "पुरावा नाहीच. थोडा उजेड कामाचा असतो, एवढंच यातून कळतं. कसा चढला त्याचे पुरावे दुसरीकडे आहेत."

"कुठं?"

"कपाटात. पण मला आता वाचता येत नाही."

महाराजांनी कपाट उघडलं. परभणीहून विकत आणलेलं उत्क्रांतीवरचं जाड मराठी पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि ओट्यावर बसून वाचायला लागले. पोथी वाचावी तसा संथ सूर. मध्येच थांबून म्हणत, "हे मला पटलं न्हाई," आणि न पटलेलं वाक्यही गाळत नसत, पुन्हा वाचून दाखवत. तांड्यावरची माणसं सुरुवातीला हसली. एक पंढरीचा माळकरी एका आंधळ्या मास्तरला माकडाचं पुराण वाचून दाखवतोय! हळूहळू चार-दोन जण येऊन बसू लागले. रुख्मिणीबाई तर महाराज यायच्या आधीच जागा धरून असत.

पुस्तक वाचून महाराजांचं मत बदललं का? नाही. पण त्यांच्या कीर्तनातून डोळ्याचा दाखला गेला. गुरुजींनी एकदा डिवचलं, "पटलं शेवटी?"

"तुमच्या पुस्तकानं न्हाई," महाराज म्हणाले. "नरसीला कीर्तनात मावशी पुढं बसल्या होत्या. 'डोळा ही त्याची करणी' असं म्हणायला तोंड उघडलं अन् त्यांच्याकडं पाह्यलं. पुढं बोलवेना. त्याची करणी हाय, हे मी आजबी मानतो. पण ते कुणापुढं म्हणायचं, हे मला आदी कळत नव्हतं."

गुरुजीही थोडे बदलले होते, तेही सांगायला हवं. पूर्वी वर्गात ते देवावर विश्वास ठेवणाऱ्या पोरांची थट्टा करत. ती बंद झाली. निसर्गाला मन नाही हे ते पूर्वीइतक्याच ठामपणे शिकवत, पण पुढे म्हणत, "म्हणून एकमेकांकडं बघायचं काम आपल्यावर आलं." आणि आई-वडिलांचे डोळे तपासून आणा, असं दरवर्षी प्रत्येक तुकडीला सांगत. त्या सांगण्यामुळे तांड्यावरचे रामजी आणि साखऱ्यातली दोन माणसं वेळेत नांदेडला पोचली.

रुख्मिणीबाई दोन हजार सातला गेल्या, पिकलं पान गळावं तशा. शेवटच्या वर्षात त्या एकदा पोहऱ्याला जाऊन आल्या. काही मागायला नाही, असं त्यांनी जाताना स्वतःच सांगितलं. सहज भेटायला.

पुढच्या वर्षी रुपा हिंगोलीला नोकरीला लागली. एका सुट्टीत तिने नेट कॅफेतून काही पानं छापून आणली. अमेरिकेत शाळेत उत्क्रांतीबरोबर रचनाकारही शिकवायचा का, यावरून कोर्टात खटला झाला होता, त्याबद्दलचा मजकूर होता. रचनाकार मानणाऱ्यांनी तिथे एका जंतूच्या शेपटीचा दाखला दिला होता. ती शेपटी मोटारीसारखी गरगर फिरते, तिला फिरता दांडा आहे, कडी आहे, आणि एक भाग काढला तर ती चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. रुपाने मराठीत सांगत सांगत वाचलं. महाराजांचे डोळे चमकले.

"बोला गुरुजी. ही तर चक्क पाण्याची मोटर निघाली. हिला कुणी बसवली?"

गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. ऊन पायापर्यंत आलं होतं, त्यांनी पाय थोडे आत घेतले.

"समोरच्या बाजूने काय उत्तर दिलं, ते छापलंय का गं?"

"हाय," रुपा म्हणाली. "तेच भाग दुसऱ्या जंतूत दुसऱ्या कामाला येतात म्हणे. सुईसारखे, टोचायला. पण समदं उलगडलं असं न्हाई म्हणत ते."

"मग समदं उलगडलं असं मीही म्हणणार नाही."

"मंजी जिंकलो मी?" महाराजांनी विचारलं.

"नाही उलगडलं म्हणजे देवाने केलं, असं कुठं ठरलं? पुढचं वाच, रुपा. हळू वाच."

महाराजांनी चष्मा पुसला आणि हात पुढे केला. "आण इकडं, मी बघतो. इंग्रजी कळत न्हाई, पण त्या मोटरचं चित्र तरी बघू दे." कागद उजेडाकडे धरून ते बारकाईने बघू लागले आणि गुरुजींना सांगू लागले, दांडा कुठून निघतो, कडी कुठे बसते, शेपूट कशी वळली आहे. गुरुजी हवेत बोट फिरवत ते मनात मांडून घेत होते, आणि कुठे अडलं की म्हणत होते, "थांबा, कडीच्या आत काय आहे ते नीट सांगा."